विमानतळाच्या तोरणातली पुरचुंडी

पंचवटी, नाशिक
दि. १८/१०/२००६

मी, श्रीमती चतुराबाई गेणू मौले, वय ५२ वर्षे, धंदा फुलशेती व हार-तोरणे करणे, रा. मखमलाबाद रोड, पंचवटी, नाशिक. समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील ठिकाणी राहते. शेजारच्या खोल्यांत माझा दीर बहिरू बायकामुलांसह राहतो. माझे पती गेणू हे यंदा श्रावणात वारले. आमचा झेंडूचा मळा आहे. मुंबईच्या विमानतळावर दिवाळीची सजावट करणारे कंत्राटदार दरवर्षी आमच्याकडून मोठी तोरणे नेतात. ते काम पती पाहत. यंदा मी पाहिले.

ही तोरणे उंचावरून लोंबतात, म्हणून सुतळीऐवजी तारेत ओवावी लागतात. काल सकाळी बहिरू नाशिकच्या द्वारका चौकातून टेम्पोने माल घेऊन गेला. विमानतळाच्या दारात तपासणी करताना एका तोरणात काळ्या फडक्याची पुरचुंडी सापडली व ती तारेपासून वेगळी धरल्यावरही यंत्र वाजले. तेव्हापासून बहिरूला तेथे बसवून ठेवले आहे.

त्याने मला आमच्या शेजारच्या दुकानातल्या फोनवर सांगितले ते असे. तेथील साहेबांनी विचारले, "फुलांत लोखंड कशाला?" बहिरू म्हणाला, "आमच्या वहिनीनं बांधलंय साहेब, मजबूतच असायचं." तेथे कोणी हसले नाही. मग तो मला म्हणाला, "वहिनी, काय घातलंय त्यात? मला ठाऊक नाय म्हटलं तर कोणी ऐकत नाय." मी म्हणाले, "मी येते तिकडं." तो म्हणाला, "तुम्ही कुठं येताय एवढ्या लांब? आपल्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगा." म्हणून मी आपणहून आले आहे.

ती पुरचुंडी मी बांधली. बहिरूला त्याची माहिती नव्हती. तीत मळ्यातली माती, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि पतीच्या खुरप्याचे मोडके टोक आहे. आमच्या घरी झेंडूच्या पहिल्या तोडीला अशी पुरचुंडी करून दिवाळीला दाराच्या तोरणात बांधतात. लोखंड नजर लागू नये म्हणून घालतात. ती दरवर्षी पती बांधत.

घरात माणूस गेले की वर्षभर दाराला तोरण लावत नाहीत. हे मला गाठ मारून झाल्यावर आठवले. ती सोडवेना. समोर विमानतळाची तोरणे होती. त्यांतल्या सर्वांत मोठ्या तोरणात, फुले दाट असतात तेथे, मी ती बांधली. त्या दारातून पुष्कळ माणसे सणाला घरी येतात, असे पती सांगत. ते सजावटीला तेथे जाऊन आले होते. मी विमानतळ पाहिलेला नाही.

तेथे कसलीही अनोळखी वस्तू चालत नाही, हे मी पेपरात वाचले होते. पुरचुंडी म्हणजे तशी वस्तू, असे मला वाटले नाही.

मला हे करण्यास कोणी सांगितले नाही. माझे कोणाशी वैर नाही. जी काही चूक आहे ती माझी आहे. बहिरूला सोडावे. त्याची मुले काल संध्याकाळपासून ओट्यावर बसून आहेत. धाकटी विचारते, "काकू, पप्पा विमानात बसले का?"

तपासून झाल्यावर पुरचुंडी परत मिळावी. माती सांडली तरी हरकत नाही, माती मळ्यात आहे. खुरप्याचे टोक मिळावे. पुढच्या वर्षी आमच्या दाराला तोरण आहे.

मी शाळेत गेलेली नाही. हार बांधायच्या रद्दी पेपरांवरून वाचायला शिकले. हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, त्यानंतर मी स्वतः वाचला. त्यात 'संशयास्पद वस्तू' असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून सर्व ठिकाणी खोडून 'पुरचुंडी' असे केले आहे. आता तो मी सांगितला तसा व खरा आहे.

सही
चतुराबाई गेणू मौले