घर कर्नाटकात, छप्पर महाराष्ट्रात

...आन वर त्यो तलाठी मलाच इचारतोय, "छप्पर कुठाय?" आरं, छप्पर डोक्यावर असतं तर तुला बोलवून च्या कशाला पाजला असता मी? पंचनामा करायला आलायस का लपंडाव खेळायला? हसू नका हो! तुमाला सांगतो, ज्याचं उडतं त्यालाच कळतं. तुमची टोपी उडाली तर चार पावलं पळून धरता. माझं छप्पर उडालं, आन ते बी कुठं? तर ओढ्याच्या पल्याड! आता आमच्याकडं ओढा म्हंजे नुसता ओढा न्हवं. निपाणीच्या फुडं, पार हद्दीवर आमचं गाव. परड्याच्या मागं ओढा, अल्याड कर्नाटक, पल्याड महाराष्ट्र. म्हंजे झालं काय... घर कर्नाटकात, छप्पर महाराष्ट्रात!

न्हाय, मुळापासनंच सांगतो, तुमाला वाटंल मारुतीराव फेकतोय. आमच्या घरावर आधी कौलं होती. माकडं नाचायची, कौलं फुटायची, म्हणून मी म्हटलं, पत्रं घालू. संकेश्वरच्या आण्णाप्पाला बोलिवलं. फॅब्रिकेशनचं काम करतोय, मिशी ही येवढी, अन् बोलणं त्येच्यापेक्षा मोठं! "मारुतीराव, वादळ येऊ द्या न्हायतर वादळाचा बा येऊ द्या, एक पत्रा सुटला तर मिशी काढीन!" आन तुमाला सांगतो, खरोखर एक पत्रा सुटला न्हाय. एक नट ढिला झाला न्हाय. सगळं छप्परच्या छप्परच गेलं! पत्रं अँगलला आवळून आवळून बसिवलती, पर अँगल भितीला आवळायचं इसरलंता की ह्यो गडी! आता इचारलं तर मिशीला पीळ देऊन म्हणतोय, "पत्रा सुटला का? न्हाय न्हवं? मग!"

वळवाचा पाऊस आमाला काय नवा न्हाय. पर ह्या टायमाला आलं ते इपरीतच आलं. दुपारी जेवून मी आडवा झालोय, आई म्होरल्या सोप्यात सूप घिऊन तांदूळ निवडतीय, आन वारं असं सुटलं, असं सुटलं... पत्रं थडाथडा वाजाय लागली, मग करकर करकर, आन मग एकदम सगळं गप. म्हटलं, थांबलं वाटतं. तर आई म्हणतीय, "मारुती, येवढा उजेड कशाचा रं?" मी वर बघतोय तर आभाळ! डब्याचं झाकण काढल्यावाणी सगळं मोकळं! आन त्यातनं गारा... सुपात तांदूळ कुठलं आन गारा कुठल्या, काय कळंना. आन आई? आई आपली निवडतीय!

आता माझी आई, मालुबाई, ऐंशीच्या घरात हाय, पर जिद्द इशीतली. तिचा एक नेम हाय. दुसऱ्याच्या छपराखाली पाठ टेकायची न्हाय. लग्न हून ह्या घरात आली तवापासनं. सख्ख्या भावाच्या लग्नाला गेलती, तितं अक्षता टाकल्या आन शेवटच्या एस्टीनं माघारी आलती! मग सांगा, अशा बाईला घिऊन मी उघड्या घरात बसलोय, आन मिरगाचा पाऊस तोंडावर आलाय. वळीव येतोय आन जातोय, मिरीग एकदा बसला की उठत न्हाय. म्हातारं माणूस, भिजलं, ताप आला, तर काय करायचं?

तेवढ्यात फोन वाजला. पल्याडनं माझा मेव्हणा, ज्योतिबा. "दाजी, तुमी काय पाठिवलंय व्हय?" मी म्हटलं, काय पाठिवलं? म्हणतोय, "न्हाय, वरनं काय तरी आलंय. गोठ्यावर बसलंय. दाजी, लई झ्याक बसलंय बगा!"

झ्याक न बसून काय करंल? ज्योतिबाच्या गोठ्याचं खांब दोन वरसं झाली नुसतंच उभं हुतं, वर पत्रं घालायचं त्येला मुहूर्त सापडंना. आन त्ये खांब घातलतं कुणी? आण्णाप्पानं! माझ्या कामाच्याच वक्ताला, माझ्याच मापात! गड्याकडं मापच एक हाय. देऊळ असू दे, गोठा असू दे, माप त्येच! बातमी कळल्यावर आण्णाप्पा गाडी काढून तितं गेला, खाली वाकून बघितलं, वर बघितलं, आन मला फोन करून म्हणतोय, "बघितलं का मारुतीराव, माप किती बरोब्बर!" मी म्हटलं, शाबास. आन माझ्या छपराखाली ज्योतिबाच्या दोन म्हशी रवंथ करत बसल्यात. बायको म्हणतीय, "आवं, परक्याकडं गेलं न्हाय न्हवं? माझ्या माहेरी गेलं." रूपाली तिचं नाव. लग्नाला तीस वरसं झाली, पर पारडं कायम ओढ्याच्या पल्याड झुकतंय. घर कर्नाटकात, छप्पर महाराष्ट्रात, आन बायको कुंपणावर!

बरं, मग सरकारी मदत! आगीचा बंब आला, ते बी भोंगा वाजवत. गावभर पडलेली झाडं कापली बिचाऱ्यांनी, लई कष्ट केलं, नाव ठेवणार न्हाय मी. त्यास्नी ओढ्यापातूर न्हेलं, बोट दाखवून म्हटलं, साहेब, ते बगा माझं छप्पर, दोरी लावा आन ओढा. त्यातला म्होरक्या ओढ्याच्या काठावर अस्सा थांबला, जणू फुडं समुद्रच हाय, आन म्हणतोय, "नम्म लिमिट इल्लिगे मुगीतु री!" म्हंजे आमची हद्द हितंच संपली. ओढ्यात पाणी किती? घोटाभर! म्हशी रोज चार येळा राज्य बदलत्यात, आन ह्यास्नी लिमिट!

मग पोरगं म्हणालं, हेल्पलाईनला फोन करा. साईराज माझं पोरगं, बेळगावात नोकरी, टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. लावला फोन. पलीकडं बाई, पार बेंगळूरकडची, आवाज मधावाणी. मी माझ्या निपाणीच्या कानडीत म्हटलं, "नम्म मनी पत्रा हारी होग्याव री!" म्हंजे, आमच्या घराचं पत्रं उडून गेल्यात. ती घाबरली. "याव पत्र सार?" म्हंजे कुठलं पत्र? आता मला काय ठावं की तिच्या कानडीत पत्र म्हंजे कागद! तिला वाटलं घराचं कागद उडालं. मी म्हणतोय, सगळंच गेलं बाई, एकबी ऱ्हायलं न्हाय. ती म्हणतीय, "टेन्शन माड्कोबेडी सार, डुप्लिकेट सिगुत्ते." काळजी करू नका, डुप्लिकेट मिळंल! मी तडकलोच! म्हटलं, डुप्लिकेट नगं गं बाई! डुप्लिकेट पत्रा एका पावसात गंजतोय! मला माझा ओरिजिनल पायजे, त्यो महाराष्ट्रात हाय! ती हळूच इचारती, "महाराष्ट्रक्के यारू तगोंडु होदरु?" महाराष्ट्रात कुणी न्हेला? मी म्हटलं, वाऱ्यानं! फोन कट.

आन मग आलं तलाठी. आमच्या हिकडचं. त्येच त्ये, "छप्पर कुठाय?" वालं. मी न्हेलं परड्यात, दाखिवलं. त्येंनी कपाळावर हात धरून बघितलं. "मोडलंय का?" न्हाय जी. "वाकलंय का?" न्हाय जी. "भिती पडल्यात का?" न्हाय जी, भिती खणखणीत. तर काय म्हणावं ह्या माणसानं? "घर चांगलं हाय, छप्परबी चांगलं हाय. मग नुकसान काय?" साहेब, दोघांच्यात अंतर पडलंय! "अंतराला भरपाई न्हाय." झालं! पल्याडच्या तलाठ्याकडं गेलो, म्हटलं, तुमच्या हद्दीत माझं छप्पर पडलंय, काय तरी करा. त्येंनी गोठा बघितला, म्हशी बघितल्या, आन म्हणालं, "हितं तर फायदा झालाय. आमी फकस्त नुकसानीचा पंचनामा करतो." तुमाला सांगतो, त्या दिवशी मी घोटाभर पाण्यात मधोमध उभा ऱ्हायलो. ह्या राज्यात माझं नुकसान न्हाय, त्या राज्यात माझा फायदा झालाय, मग रडू कुठं हो मी? घर कर्नाटकात, छप्पर महाराष्ट्रात, आन मारुतीराव पाण्यात!

शेवटाला म्हटलं, सरकार राहू दे, पावणाच बरा. गेलो ज्योतिबाकडं. म्हटलं, बाबा, माझं मला दे. तसा गोड हाय त्यो, पायाला हात लावतोय, चुलीवरचा च्या देतोय. "घिऊन जावा की दाजी, तुमचंच हाय. पर आण्णाप्पानं काल खांबास्नी वेल्डिंग मारलंय. पुन्यांदा उडू नये म्हणून." बघा! माझ्या भितीला एक खिळा मारला न्हाय ह्या आण्णाप्पानं, आन म्हशींच्या डोक्यावर चौबाजूनं वेल्डिंग! मी म्हटलं, कापू या. तर ज्योतिबा गंभीर चेहरा करून म्हणतोय, "कापलं तर पत्रं खराब हुणार. जसं आलं तसं न्ह्या की." कसं? "वरनंच!"

सांगा, ह्येनं आमाला बहीण दिली का आमी ह्येची बहीण करून घेतली? कुणी कुणावर उपकार केला?

तोवर डोक्यावर काय तरी पायजेच. ताडपत्री बाजारात न्हाय, सगळ्या गावाचीच छपरं उडालीत, तालुक्यात एक ताडपत्री शिल्लक असंल तर शप्पथ. मग चौकातला एक फ्लेक्स मिळाला. वाढदिवसाचा. गावातल्या कुठल्या तरी तरण्या नेत्याचा, गॉगल घालून, हात जोडून, खाली 'भावी' लिवलेलं. काय भावी, ते उडालंतं. बांधला सोप्यावर, तोंड खाली करून, कारण मागची बाजू पांढरी, ती वर केली तर ऊन परततं म्हणं. आता आडवं झालं की ह्यो गडी वरनं बघतोय. हात जोडून! आईनं एकदा वर बघितलं, पदर सारखा केला, आन उठून बसली. "मारुती, परक्या गड्याच्या नजरंखाली निजू व्हय मी?"

साईराज म्हणाला, आज्जी, फ्लॅटवर चल, स्लॅब हाय, वादळाची भीती न्हाय. आई म्हणाली, "तुझ्या डोक्यावर छप्पर कुठाय लेका? तुझ्या वर तर दुसऱ्याचा संडास हाय!" खरंच हाय की!

आन मग त्यो दिवस. आभाळ भरून आलतं, मिरगाचंच, काळंभोर. मी फ्लेक्सची दोरी आवळतोय, मनात म्हणतोय, द्येवा, माझ्या आईला ह्या वयात भिजवू नगंस. फिरून बघतोय तर आई न्हाय! अंथरायची वाकळ न्हाय, तांब्या न्हाय, सूपबी न्हाय! पळत परड्यात आलो, तर मालुबाई डोक्यावर वाकळ घिऊन, लुगडं वर खोचून, ओढ्यात! मी वरडलो, आई, कुठं निघालीस गं? ती न थांबता म्हणाली, "माझ्या छपराखाली!"

आयला! पटलं की हो! दुसऱ्याच्या छपराखाली पाठ टेकायची न्हाय... पर ते छप्पर दुसऱ्याचं कुठाय? आमचंच हाय! पंधरा दिवस मी दोन राज्यं पालथी घातली छप्पर आईकडं आणाय, आन ही बाई दोन मिनटात छपराकडं गेली!

ज्योतिबाला काय बोलायची सोय हाय? बहिणीची सासू! पळत येऊन पाया पडला, बाज टाकली, म्हशी एका कडंला सरकिवल्या. आईनं बाजंवर बसून वर बघितलं, पत्र्यावर हात फिरवावा तशी नजर फिरिवली, आन म्हणाली, "छप्पर माझं, म्हशी तुझ्या. रोज सकाळी तांब्याभर दूध दे, ऱ्हाऊ दे त्यास्नी." म्हंजे माझी आई आता महाराष्ट्रात मालकीण! आन तासाभरात असा कोसळला पाऊस, असा कोसळला... मी ह्या काठाला भिजत हुबा, आन आई तिकडं कोरडी, सूप घिऊन तांदूळ निवडतीय. खोटं कशाला सांगू, डोळ्यातनं पाणी आलं माझ्या. पावसात कळलं न्हाय कुणाला, म्हणून बरं.

मग रूपाली गेली. "आत्तींचं कोण बघणार?" म्हणून गेली. भांडी गेली, चूल गेली, मांजर गेलं. अहो, आमची सगळी गावं पिढ्यान् पिढ्या म्हणत्यात, महाराष्ट्रात जायाचं, महाराष्ट्रात जायाचं! मोर्चं झालं, घोषणा झाल्या, माझ्या बानं लाठ्या खाल्ल्या. आन शेवटाला गेलं कोण? माझं छप्पर, माझी आई, माझी बायको आन मांजर! मागं ऱ्हायलो मी, चार भिती, आन वर त्यो गॉगलवाला.

तुमी म्हणशीला, मारुतीराव, तुमीबी जावा की. कसं जाऊ? पन्नाशी उलटल्यावर घरजावई हू? आन घरजावई तर घरजावई, ते बी गोठ्यात? रोज सांजच्याला आई त्या काठावरनं हाळी देतीय, "मारुती, ये रं, लाजू नगंस, छप्पर आपलंच हाय!" मी आपला म्हणतोय, असू दे, मी हितंच बरा.

पर काल पावसानं त्यो फ्लेक्स बी फाटला. बरोब्बर गॉगलमधनं धार लागली, थेट माझ्या अंथरुणात. म्हटलं, मरू दे त्यो मान, पिशवी भरली, ओढ्यात उतरलो. आन समोर काठावर ज्योतिबा, हात जोडून, "या दाजी, या! तुमचीच वाट बघत हुतो. गोठ्याला भिती न्हाईत न्हवं, तुमच्या आईस्नी लई वारं लागतंय बगा... येताना तेवढ्या भिती घिऊन या की!"

म्हणून परतलो. आता बसलोय भितीला टेकून... पुढल्या वळवाची वाट बघत.