ताई स्ट्राँग आहे

इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाई हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी दोघी बहिणी आईच्या डिस्चार्जची वाट पाहत होत्या. थोरलीने नुकताच फोन ठेवला होता. दोघींचं बोलणं बाईंच्या कानावर पडत होतं.

"दादा काय म्हणाला, ताई?"

"मी स्ट्राँग आहे म्हणाला."

"म्हणजे?"

"म्हणजे आई माझ्याकडेच राहणार. बाबांच्या आजारपणात मी मॅच्युअर होते."

"आणि मी?"

"तू सेन्सिटिव्ह. म्हणजे तुला रात्री उठवायचं नाही."

"वहिनी?"

"ती प्रॅक्टिकल. फिरकली नाही, म्हणून."

"आणि दादा स्वतः?"

"हेल्पलेस. दर वेळी गळा काढून सांगतो."

"चिडू नकोस गं. तू किती समजूतदार आहेस."

"तुझं इंग्रजी संपलं वाटतं."

थोरली उठली. औषधांची पिशवी तिने धाकटीच्या मांडीवर ठेवली.

"आईला तुझ्याकडे ने. गोळ्या जेवणानंतर द्यायच्या."