भुकटीची खोली

— नाय, पारू कशानं मेली त्या तुमच्या जबानीवर सही नाय करायचा मी. तुमी आधी च्या घ्या डागदर, मुरबाडपास्नं शेणव्याला आलात, धुळीनं माखलात, अन कशापायी, तर पारूपायी — अहो, पारू खोकून मेली. इथं माणसं खोकतातच. घरात चुलीचा धूर, तोंडात विडी, त्यात नवल काय? पारू कारखान्यात नळ्या खोक्यात भरायची, पेंढा लावून, बस, त्या कागदावर एवढंच लिवा. मी देवराम मुकादम, दोन वर्सं झाली, गावच्या बायका कल्याणला त्या नळीदिव्यांच्या कारखान्यात नेतोय. माझ्याआधी यांनी वीज बघितली होती का? नाय. कंदिलाची काच पुसायला दिली तर फोडायच्या. स्वराज्य आलं म्हणून अक्कल येते होय?

कसं करतात ते दिवे? सांगतो की. काचेची लांब नळी, माझ्या खांद्याला लागेल येवढी. गरम पाण्यानं धुवायची, उभी टांगायची, आतनं भुकटीची खळ सोडायची, पांढरी, तांदळाच्या पिठीवानी — सुकली की भट्टीत भाजायची, टोकांना तारा बसवून ज्योतीवर काच मिटवायची, आतली हवा ओढून घ्यायची, नाचणीच्या दाण्यायेवढा पारा सोडायचा, झालं. यात कोण मरतं? पारूला तर नुसती भुकटी चाळायची होती, घरी पीठ चाळतात तशी, नाकाला पदर बांधायला सांगितलं तर हसायची, पदरातनं बोलता येत नाय म्हणे — काय? खोक्यांचं मी मघाशी म्हटलं ते? मग तेच राहू द्या की कागदावर. कुठं खोडताय?

अन ओढ्याचं मला इचारू नका. फुटक्या नळ्या ट्रकनं येतात, माझ्या जुन्या दगडखाणीत पडतात, गावाचं काय जातं? पावसात पाणी पांढरं उतरतं ओढ्याला, उतरू दे. कमळूच्या दोन म्हशी मेल्या, तर पारूचा नवरा तो, बायको गेली, म्हशी गेल्या, आता त्याला सगळीकडं कारखानाच दिसतो. बुद्धी नाय त्या माणसाला. रोगानं मेल्या म्हशी. माझ्या? माझ्या म्हशी ओढ्यावर जात नायत. मी त्यांना विहिरीवर — विहीर जवळ पडते हो, म्हणून.

तुमी शिकलेली माणसं, तुमाला वाटतं गरिबाला फसवलं. ही बगा, च्या घेऊन आली ती माझी लेक, तानी. हीसुदा होती की कारखान्यात. बगा, कशी धडधाकट हाय. भुकटीत काय असतं तर ही उरली असती? तीन महिने हिनंच चाळली भुकटी. मग खोकायला लागली, चार पायऱ्या चढली की बसायची, तवा मी फोरमनला सांगून हिला खोक्यांवर टाकली. का म्हंजे? लेक हाय माझी. अन त्या जागेवर कुणीतरी लागणारच ना? पारू दांडगी, भाताचं पोतं एकटी उचलायची. मीच म्हटलं तिला, पारू, तुझा हात हलका, तुला चाळणी जमेल. खूश झाली. तानीला म्हणाली पण, तुझा बाप मला मानतो. येडी बाई, तिला काय —

तू का उभी अजून? आत जा. तानी, आत जा. तुझी मैत्रीण होती, ठावं हाय मला. तुझ्या जागी तिला का घातली ते तुला सांगितलं नाय, तुझ्याच भल्यासाठी. — तो कागद खाली ठेव. डागदर, शाईची डबी मिटा, तिला वाचता येत नाय, तिला काय कळतं कागदावर काय हाय ते? तिच्या अंगठ्याला कोण इचारतं? तानी, बापाकडं बग. अगं, पूस तो अंगठा, लुगड्याला पूस. पूस म्हटलं ना — लावलास ठसा?

उठा डागदर. च्या राहू द्या. उठा.