मोजणी जुळल्याशिवाय दार उघडत नाही

...आणि वर ती चॅनेलची पत्रकार मलाच विचारते, "आजी, विमान निवृत्त होतंय, कसं वाटतंय तुम्हाला?" अगं, मला कसं वाटायचंय? मी काय त्याची सासू लागते? एकतीस वर्षं नौदलाच्या तळावर मी त्या विमानाच्या वैमानिकांची पॅराशूटं घड्या घालून बांधली, वीस पावलं लांबीच्या टेबलावर, आणि तुम्हाला सांगते, त्या एकतीस वर्षांत विमानाच्या अंगाला माझा हात एकदाही लागला नाही! ते तिकडे शेडमध्ये, मी इकडे हॉलमध्ये. पण हे ऐकायला वेळ कुणाला आहे?

आठ दिवस झाले, टीव्ही लावायची सोय नाही. कुठलंही चॅनेल लावा, मागे रडकं व्हायोलिन आणि पुढे तो घसा बसलेला निवेदक, "समुद्राचा वाघ... अखेर... विसावणार!" आता वाघ समुद्रात काय करतोय, हे त्याला घरचं कुणी विचारत नसेल का हो? बरं, दाखवतात ते विमान तरी आमचं असावं! आमचं एका इंजिनाचं, हे दाखवतात दोन इंजिनांचं. एक इंजिन म्हणजे काय ते आम्हाला विचारा. ते बंद पडलं की वैमानिकाला वर देव आणि खाली मी! मी टीव्हीशी भांडायला लागले की मुलगा म्हणतो, "आई, त्याला ऐकू जात नाही." म्हटलं, ज्यांना ऐकू जातं त्यांनी तरी काय दिवे लावले? आणि ऐका, त्या विमानाला म्हणे दोन्ही बाजूंनी बंब लावून पाण्याची सलामी. मी निवृत्त झाले त्या दिवशी हात धुवायला नळाला पाणी नव्हतं. असो.

तर सांगत काय होते? हां, ती पत्रकार. काल सकाळी नऊला दारात. सोबत एक दाढीवाला कॅमेरा घेऊन. माझ्या मनात म्हणाल तर एकच होतं. विमान पेपरात आलं, ते ज्यावर उतरायचं ते जहाज आलं, वैमानिक आले, जहाजावरचं मांजरसुद्धा आलं. आमचा हॉल कधी आला नाही. अकरा बायका होतो, आज चार उरलोय. एकदा तरी कुणी खरं सांगावं, की या कामात एकतीस वर्षांत आमच्या हातून एकही चूक झाली नाही. एवढंच. जास्त मागितलं का मी?

ती म्हणते, "आजी, करून दाखवा ना!" म्हटलं, कशावर? घरात पॅराशूट ठेवतं का कुणी? तर म्हणे, "चादर चालेल." चादर! सुताराला म्हणावं, लाकूड नसलं तर पाव कापून दाखव! पण गर्व वाईट हो. काढली मी पलंगाची मोठी चादर, जेवणाच्या टेबलावर पसरली. अंगठी काढली, घड्याळ काढलं. घडी दाबून ठेवायला आम्ही वाळूच्या पुरचुंड्या वापरायचो, त्याऐवजी मिठाच्या सहा पुड्या आणल्या, मोजून. आणि कॅमेऱ्यात बघून, बोट वर करून, ठणकावून सांगितलं, "पहिला नियम, यादीत नसलेली वस्तू टेबलावर येता कामा नये. दुसरा नियम, काम झालं की सगळी हत्यारं मोजायची, आणि मोजणी जुळल्याशिवाय दार उघडत नाही!"

हे दार उघडत नाही म्हणजे खरंच उघडत नाही बरं का. एकदा एक कात्री कमी भरली, तर फोरमनने अकराच्या अकरा बायकांना आत कोंडलं. बांधून झालेली चार पॅराशूटं सोडवली. घरी पोरं उपाशी, एकीचं तान्हं रडतंय, आणि फोरमन फेऱ्या मारतोय, "घड्या उलगडा! नीट बघा! कुणीतरी मरेल ना, बायांनो!" शेवटी कात्री कुठे निघाली? त्याच्याच कोटाच्या खिशात! कुणी हसलं नाही. त्याने स्वतःच स्वतःच्या नावापुढे लाल शेरा मारला. लाल शेरा म्हणजे पंधरा दिवस टेबलाला हात लावायचा नाही. माणूस खडूस, पण सरळ.

चादर बांधली, अशी बांधली की उशीएवढी झाली. मिठाच्या पुड्या मोजल्या, सहा. वर कागद टाचला, "मी बांधलं, मी मोजलं," खाली सही. असा कागद प्रत्येक पॅराशूटमध्ये जायचा. त्यातला एक परत आला होता, तुम्हाला सांगते. इंजिन बंद पडून भर समुद्रात उडी टाकलेला वैमानिक, पायाला प्लास्टर, कुबड्या घेऊन आमच्या हॉलमध्ये आला. हातात तो भिजलेला कागद, शाई पसरलेली. म्हणाला, "ही सही कुणाची?" मी म्हटलं, माझी. तो टेबलाला टेकून उभा राहिला. मग मीच म्हटलं, बाळा, टेबलाला टेकू नको, घडी बिघडेल.

ही गोष्ट ऐकून त्या पोरीचे डोळे भरले. म्हटलं, चला, आता हे टीव्हीवर येणार! आणि एवढ्यात तो दाढीवाला बॅग चाचपत म्हणतो, "माझं झाकण कुठंय?" कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण हो, काळं, बशीएवढं. पोरगी म्हणाली, "जाऊ दे रे, नवं मिळेल, अकराला विमान उतरतंय, चल!" जाऊ दे? माझ्या घरात? मी उठले, दाराला कुलूप लावलं, किल्ली पदरात बांधली. मोजणी जुळल्याशिवाय दार उघडत नाही!

"आजी, प्लीज! आमची नोकरी जाईल!" म्हटलं, विमानात हेच झाकण राहिलं असतं तर वैमानिक गेला असता, तुझ्या नोकरीचं काय घेऊन बसलीस? शोधा! सोफा उलटा झाला, गादी उभी राहिली, पिठाचा डबा पालथा. दाढीवाल्याला मी खिसे तीनदा उलटे करायला लावले. दाढीकडेही बघितलं, खोटं कशाला बोलू! तिकडे फोनवर त्यांचा साहेब ओरडतोय, "कुठे आहात?" आणि ही म्हणते, "सर, आम्हाला कोंडलंय!" "कुणी?" "एका आजींनी, सर!"

तेवढ्यात घर हादरलं. विमान! शेवटची फेरी. दाढीवाला धावला स्वयंपाकघरात, कॅमेरा खिडकीबाहेर. दोन पाण्याच्या टाक्यांच्या मधून, दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या मुलाच्या पायजम्यावरून, ते गेलं. एकतीस वर्षांत इतक्या जवळून मी पहिल्यांदा बघितलं... दार सोडून मीही खिडकीशी गेले. तीच वेळ साधून सूनबाई बाजारातून आली, स्वतःच्या किल्लीने दार उघडून, "अगंबाई, काय झालं?" म्हणेपर्यंत दोघं जिन्यात! झाकणाशिवाय! मी ओरडतेय, "सूनबाई, मोजणी!" आणि ती म्हणते, "आई, आधी पीठ कुणी सांडलं ते सांगा."

दुपारी बातमी लागली. "फक्त आमच्या चॅनेलवर, विमानाचं घरगुती दृश्य!" पायजमा अख्ख्या देशाने पाहिला. वैमानिकाची गोष्ट? कापली. अकरा बायका? कापल्या. हॉल? नावही नाही. मी मोजून चार सेकंद, चादरीसकट. पण खाली एक ओळ आली, ठळक अक्षरांत, "एकतीस वर्षं, एकही चूक नाही." म्हटलं, चला. सगळ्या खोट्यात एक तरी खरं सांगितलंन पोरीने! उरलेल्या तिघींना फोन केले. एक रडली.

पाच वाजता सूनबाईने पलंग घालायला चादर सोडली.

टण्ण.

काय पडलं असेल? बोलू नका. कळलंय तुम्हाला. दाढीवाल्याने ते टेबलावर ठेवलं, मी कॅमेऱ्यात बघून पहिला नियम सांगत होते, आणि हात आपले घडी घालत होते. वरून माझी सही. "मी बांधलं, मी मोजलं."

लगेच त्या पोरीला फोन केला. म्हटलं, बातमी चुकली, दुरुस्ती दे, एक चूक आहे. ती हसायला लागली. "आजी, आम्ही सकाळभर भलतंच विमान दाखवलं, त्याची दुरुस्ती दिली नाही. तुमच्या झाकणाची कुठे देऊ?" आणि शिवाय म्हणे, बातमी आता जुनी झाली.

मग काय करणार? कॅलेंडरवर माझ्या नावापुढे लाल शेरा मारला. आता पंधरा दिवस चादरी सूनबाई घालणार. कोपऱ्याला कोपरा लावत नाही, मधे फुगे ठेवते, आणि मी खुर्चीत हात बांधून बघते. बोलायचं तोंड नाही.

तुम्ही निघालात? बरं, या. दार उघडंच आहे. तेवढं आपापला चष्मा, छत्री, किल्ल्या तुम्हीच मोजून घ्या... माझ्यावर विसंबू नका.