पुसायची कळ

बायांनो, हसा हवं तर, पण त्या दिवशी थोडक्यात अनर्थ टळला. लालबागच्या आमच्या मसाला कुटायच्या डंक्यावर भाचीने ऑर्डरची यादी कॉम्प्युटरवर करून दिली. “मावशी, यादीत खाली जायला जे दाब, वर यायला के, ओळ पुसायला डी.”

मी नावाच्या चौकटीत क्लिक न करताच नव्या गिऱ्हाइकाचं नाव, ‘देसाई’, इंग्रजीत लिहायला घेतलं. डी दाबताच समोरची, दुसऱ्याच ऑर्डरची ओळ गेली. तिच्यात होतं, ‘तीळ नकोत, मुलाचा श्वास अडकतो.’ ती ऑर्डर कुणाची, आठवेना. तिकडे कामगाराने एका मसाल्यात तीळ ओतायला घेतले.

“थांबव रे!” मी किंचाळले.

भाचीने ओळ परत आणली. “पुसायला आता कुठली कळ देऊ?”

“डंक्याचं बटण बघ, माझा पदर चुकूनही लागणार नाही इतकं वर आहे. तसं काहीतरी दे.”