दत्तूकाकाला चढत नव्हती

दारू पचवायच्या गप्पा माझ्यापुढं मारू नका गड्यांनो, मी आमच्या दत्तूकाकाला पाहिलंय. महायुद्ध संपून तो नुकताच गावी आला होता. एका दुपारी त्यानं आणि त्याच्या दोस्तानं, नामानं, फौजेतली रम निम्मी-निम्मी संपवली. नामा उंबऱ्याला अडखळून पडला आणि त्याचं कपाळ फुटलं. मी गाडी जुंपली आणि दोघांना कोरेगावच्या डॉक्टरांकडे नेलं.

टाके घालून डॉक्टर काकाला म्हणाले, "जाताना गाडी तुम्ही हाकू नका. दोघांच्या रक्तात दारू सारखीच आहे. तुमच्या अंगाला सवय झालीय, म्हणून दिसत नाही, एवढंच."

काका भडकला. "आवं, माझं पाय लटपटत्यात का? जीभ अडखळतीया का?" त्यानं अंगणात सरळ रेषेत परेड करून दाखवली.

नामाला गाडीत निजवून काका ऐटीत पुढं बसला आणि चाबूक उगारून ओरडला, "चला रं!"

बैल तिकडं लिंबाखाली कडबा खात होते. आल्यावर मी ते सोडले होते, अजून गाडीला जुंपलेच नव्हते.

मी काही बोलणार, तेवढ्यात मागनं नामा कळवळला, "दत्तू, हळू हाक रं गड्या, लय धक्के बसत्यात!"