घरातला कापूस

यवतमाळच्या त्वचारोगाच्या दवाखान्यात रजनीबाई आपला नंबर यायची वाट पाहत दारावरच्या पडद्याला खेटून बसल्या होत्या. नको म्हटलं तरी आतलं सगळं कानावर पडत होतं.

“डॉक्टरसाहेब, घरात कापूस पार छताले टेकला. भाव चढन म्हनून मालक इकत नाई. त्याच्यानंच खाजते ना?”

“नाही बेबीताई. तुमच्या कातडीवर जंतू बसलेत. ते विष सोडतात, आणि ते विषच आतल्या नसांना डिवचतं. म्हणून खाज सुटते. खाजवलं की कातडी फाटते, जंतूंचं आणखी फावतं.”

“म्हंजे कापसाचा काई दोष नाई?”

“नाही. हे मलम लावा.”

ऐकता ऐकता रजनीबाईंचीही मान खाजायला लागली.

बेबीताई बाहेर आल्या, तेवढ्यात गाडी लावून त्यांचा नवरा दवाखान्यात शिरला.

“काय म्हने डॉक्टर?”

“कापूसच म्हने. आजच घराबाहेर काढा.”

“अवं, भाव आता चढनच!”

“दिवाळीपासून तेच आयकून राह्यली मी. पलंग कापसाखाली, अन् मी चुलीपाशी.”

“मंग हे मलम कायले?”

बेबीताईंनी रजनीबाईंकडे एकदा रोखून पाहिलं.

“कापूस निघाल्यावर लावाले.”